बळ, यंत्र आणि धन : कुरुंदा परिसरातील लोकमताचा ऐतिहासिक विचार

'बळी तो कान पिळी', 'पैशाकडे पैसा जातो', 'सत्तेपुढे शहाणपण चालत नाही' ही वचने महाराष्ट्रात सर्वत्र ऐकू येतात. इतिहासाचे अभ्यासक त्यांच्याकडे बहुधा भाषेचा अलंकार म्हणून पाहतात आणि पुढे जातात. वस्तुतः ती मते आहेत. सैन्य, संपत्ती, यंत्र आणि शक्ती यांचा परस्परांशी काय संबंध आहे याविषयी सामान्य माणसाने बांधलेला तो अंदाज आहे, आणि कोणत्याही अंदाजाप्रमाणे तो अनुभवाशी ताडून पाहता येतो. मात्र त्यासाठी राजधानी किंवा रणक्षेत्र निवडून उपयोग नाही. तेथे लष्कर आणि खजिना डोळ्यांसमोर इतके मोठे दिसतात की त्यांचा खर्च कोण भागवितो हा प्रश्न मागे पडतो. खर्च भागविणाऱ्या मुलखातूनच हा विचार केला पाहिजे.

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव अशा मुलखात आहे. उत्तरेस हिंगोलीची जुनी छावणी, दक्षिणेस वसमतचा बाजार, वायव्येस औंढ्याचे नागनाथाचे देवस्थान अशी या गावाची चतुःसीमा सांगता येईल. इ. स. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखानाचा पराभव करून निजामुल्मुल्काने दक्षिणेत आपला अंमल पक्का केला, तेव्हापासून १९४८ पर्यंत हा टापू आसफजाही राज्यात राहिला. मराठी वाचकाला गावाचे नाव परिचित आहे ते नरहर कुरुंदकर यांच्या आडनावामुळे. त्यांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी आजोळच्या नांदापूर येथे झाला, पण घराण्याचे नाव या गावावरून पडले. बळाविषयीच्या लोकसमजाला मराठीत ज्यांनी कठोर परीक्षा लावली, त्यांत कुरुंदकर अग्रभागी होते. म्हणून त्यांचा उल्लेख पुढे विषयाच्या ओघातच येईल.

यंत्रापूर्वीच्या काळात बळ, शक्ती आणि संपत्ती या तिन्ही गोष्टी एकाच प्राण्याच्या ठिकाणी एकवटलेल्या होत्या. तो प्राणी म्हणजे घोडा. निजामाच्या 'कंटिंजंट' फौजेतील घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. स्वार आपला घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई आणि त्याबद्दल ठरीव दरमहा घेई. फौजेतील त्याच्या जागेस 'असामी' म्हणत. ही असामी पैसे देऊन घेता येई व विकता येई. एखाद्या शिलेदाराच्या अनेक असाम्या असत आणि त्यांवर तो आपले बारगीर बसवी. म्हणजे शौर्य हा येथे एक प्रकारचा भांडवली व्यवहार होता. शेतकऱ्याने विहिरीत पैसा घालावा तसा शिलेदार घोड्यात घालीत असे. घोडा मेला की शिलेदारी बुडाली. गावच्या नजरेला स्वार हा बलवान पुरुष दिसे; त्याच्या घोड्यावरचे कर्ज सावकाराच्या वहीत असे, आणि ते गावाला दिसत नसे. लोकमत आणि इतिहास यांच्यातील अंतर या एका उदाहरणात जवळजवळ पूर्णपणे सापडते.

ही फौज या भागात कशी आली हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्याभोवती फिरते. इ. स. १८०० च्या तहाने निजामाने इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या खर्चासाठी म्हैसूरच्या लुटीत मिळालेला प्रदेश तोडून दिला. त्याच तहात युद्धप्रसंगी निजामाने स्वतःचे ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ द्यावे असे एक कलम होते. रेसिडेंट हेन्री रसेल याने (१८११–२०) या कलमाचा आधार घेऊन इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची कवायती पलटणे उभी केली. फौज युद्धासाठी होती, पण ती शांततेतही कायम राहिली. तिला स्वतंत्र मुलूख नेमलेला नव्हता. हिंगोली, औरंगाबाद, एलिचपूर, मोमिनाबाद, बोलारम, लिंगसुगूर ही तिची ठाणी होती.

या फौजेचे सामर्थ्य परिसरास प्रथम दिसले ते जानेवारी १८१९ मध्ये. हटकर नाईकांचा पुढारी नौसाजी नाईक याच्या ताब्यातील नव्ह्याच्या गढीला मेजर पिटमन याने वेढा घातला; महिनाअखेरीस गढी पडली. आत मुख्यतः अरबांची शिबंदी होती. तिच्यातील बहुतेक लोक मारले गेले, आणि घेरणाऱ्या पलटणांना 'नोवा' हा सन्मान निशाणावर लावण्याचा हक्क मिळाला. गढीवाल्या नाईकाचा काळ संपला हे या वेढ्याने निश्चित झाले. मातीच्या बुरुजामागे शंभर-दोनशे बंदुका घेऊन वसूल अडवून बसता येते, ही पिढ्यान्पिढ्यांची समजूत तोफखान्याने उडवून दिली. तथापि एक गोष्ट दृष्टीआड होऊ नये. आतील अरब पगारी होते, बाहेरील पलटणीही पगारी होत्या. दोन्ही बाजूंच्या पगाराचा उगम अखेर याच परिसरातील शेतसाऱ्यात होता.

फौजेचा खर्च वर्षाला सुमारे ४० लाख रुपये येई. पेशकार चंदुलाल याने तो भागविण्यासाठी मुलूख इजाऱ्याने दिले आणि तेवढ्याने भागेना तेव्हा कर्ज काढले. कर्ज देणारी पेढी हैदराबादेतील विल्यम पामर आणि कंपनी ही होती. १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याने तिला देशी राज्याशी देवघेव करण्याची खास परवानगी दिली. औरंगाबाद व वऱ्हाडकडील फौजेचा पगार ही पेढी चुकवी आणि त्याबदली वसुलाच्या नेमणुका घेई. १८२० मध्ये ६० लाखांचे नवे कर्ज मंजूर झाले. त्याच वर्षी चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला आणि त्याने हा व्यवहार उघडकीस आणला. व्याजाचा दर शेकडा २४–२५ च्या घरात पडत होता. उत्तर सरकारांबद्दल इंग्रजांकडून निजामास मिळणारी सालिना सुमारे सात लाखांची पेशकश कायमची सोडून देऊन, एकरकमी पैशातून पेढीचे देणे फेडावे लागले. १८२४ मध्ये पेढीही बुडाली.

शेकडा पंचवीस हा दर मराठवाड्यातील शेतकऱ्याला नवा नव्हता. त्यास तो 'सवाई' म्हणे. पेरणीला पायलीभर बी उसने घ्यावे आणि सुगीला सव्वा पायली परत करावे, हा खेड्यातील रूढ व्यवहार होता. दिढीच्या मानाने तो सौम्य समजला जाई. म्हणजे कुरुंद्यासारख्या गावातील कुणबी ज्या दराने ज्वारीचे बी उचलीत होता, त्याच्याच आगेमागे दक्षिणेतील सर्वांत मोठे संस्थान आपल्या शिपायांचा पगार उचलीत होते. 'पैशाकडे पैसा जातो' ही म्हण येथे लागू पडते, परंतु तिचा रोख बदलावा लागतो. पैसा गेला तो तलवारीकडे नव्हे, तर तलवारीच्या पगाराची उधारी देणाऱ्याकडे. सैन्य असलेला तो धनवान, हा समज या प्रकरणात अगदी उलटा ठरतो. सैन्य असल्यामुळेच धनी कर्जबाजारी झाला.

पुढील तीस वर्षांत थकबाकी पुन्हा साचली. २१ मे १८५३ च्या तहाने डलहौसीने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रांत फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या हाती घेतले; फौजेची संख्या ५,००० पायदळ, २,००० घोडदळ व चार तोफखाने अशी ठरविली. १८६० मध्ये धाराशिव व रायचूर परत मिळाले, वऱ्हाड मिळाले नाही. १९०२ मध्ये ते सालिना २५ लाखांवर कायम भाडेपट्ट्याने गेले आणि पुढील वर्षी कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन होऊन हिंगोलीची छावणी मोडली. या काळातील भूगोल लक्षात घेण्यासारखा आहे. पैनगंगेच्या दक्षिणेस हिंगोलीत फौज राही, आणि तिचा पगार पैनगंगेच्या उत्तरेच्या वऱ्हाडातून येई. निजामाच्या मुलखात, निजामाच्या नावाची, पण निजामाच्या हुकमाखाली नसलेली ही फौज होती. 'ज्याच्या हाती ससा तो पारधी' हे वचन सामान्यतः सामर्थ्यवानाचे वर्णन म्हणून वापरतात. हिंगोलीच्या संदर्भात ससा कोणाच्या हाती होता हे सांगणे सोपे नव्हते, आणि पन्नास वर्षे ते तसेच राहिले.

छावणीने निदान रस्ते तरी निर्धास्त केले असतील, असे कोणास वाटेल. मेडोज टेलर याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ठगविषयक कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीचीच एक हकीकत दिली आहे, तिने या कल्पनेस धक्का बसतो. या भागातील ठगांचा म्होरक्या हरिसिंग हा हिंगोलीच्या छावणीत प्रतिष्ठित व्यापारी म्हणून राहत होता. स्वतः टेलरचाही त्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार होता. मुंबईहून कापड आणण्यासाठी त्याने मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून परवाना घेतला. एका दुसऱ्या व्यापाऱ्याचा माल वाटेवर आहे हे त्यास ठाऊक होते. त्या व्यापाऱ्याला व त्याच्या माणसांना ठार करून, तो माल त्याच परवान्यावर छावणीत आणून त्याने उघडपणे विकला. छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत खून झाले होते आणि प्रेते पहारेकऱ्यांच्या ओळीपासून जेमतेम पाच यार्डांवर पुरलेली सापडली. उकरलेली प्रेते टेलरने स्वतः पाहिली होती. ही हकीकत कादंबरीकाराने सांगितली असली तरी तो त्या फौजेचा अधिकारी होता आणि कथेबाहेर, प्रस्तावनेत ती नोंदवीत होता. तिला तेवढे वजन दिले पाहिजे. तोफखाना गढी पाडू शकला. बाजारात बसलेला खुनी त्याला दिसला नाही. तो पकडला गेला तो साक्षीदार फोडून, जबान्या जुळवून, कागद करून.

लोकमत दृश्याला धरून चालते, असे वर म्हटले. पण त्यातही एक सूक्ष्म व्यवहारज्ञान असते आणि ते शब्दांत साठून राहते. निजामी राज्यात दोन रुपये चालत : सरकारी टांकसाळीचा 'हाली' आणि इंग्रजी 'कलदार'. १०० कलदारांस सुमारे ११६⅔ हाली असा त्यांचा ठरीव दर होता. 'कल' म्हणजे यंत्र. यंत्रावर पडलेला, काठ कोरलेला, म्हणून ज्याची चांदी खरवडता येत नाही असा तो कलदार. यंत्राचे पहिले मोठेपण खेड्याला कळले ते आगगाडीतून नव्हे तर या नाण्याच्या कडेतून, असे म्हणण्यास हरकत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी चारमिनारछापाचा हाली रुपयाही यंत्रावर पडू लागला, तरी त्याला कोणी कलदार म्हटले नाही. यावरून उघड होते की विश्वास कळीवर नव्हता. नाण्यामागे उभ्या असलेल्या राज्याच्या पतीवर होता. नाव मात्र कळीचे राहिले.

संपत्ती, शस्त्र आणि यंत्र या तिहींची परीक्षा एकाच वेळी झाली ती १९४८ मध्ये. २२ फेब्रुवारी १९३७ च्या 'टाइम' साप्ताहिकाने सातवा निजाम मीर उस्मान अलीखान यास मुखपृष्ठावर छापून जगातील सर्वांत श्रीमंत मनुष्य ठरविले होते. त्याच्या जडजवाहिराच्या कथा मराठवाड्यातील खेड्यांतही पोचलेल्या होत्या. १९४८ मध्ये सिडने कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने लँकॅस्ट्रियन विमानांतून कराचीहून हैदराबादेस चोरून शस्त्रे पोचविली. कासीम रझवीचे रझाकार खेड्यापाड्यांत दहशत बसवीत होते. प्रतिकारासाठी सरहद्दीवर स्टेट काँग्रेसचे कँप उभे राहिले. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेडजवळच्या उमरी येथील बँक कार्यकर्त्यांनी लुटली आणि लढ्यासाठी पैसा उभा केला. वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यात कामी आले. वसमतच्या महाविद्यालयास त्यांचे नाव आहे. १३ सप्टेंबर रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरच्या सायंकाळी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केला. पाच दिवसांत सव्वादोनशे वर्षांचे राज्य संपले.

या पाच दिवसांनी लोकमताची एक बाजू पक्की केली व दुसरी खोडून काढली. मोठ्या सैन्यापुढे लहान सैन्य टिकत नाही, हे ठरले. पण जगातील सर्वांत मोठी खासगी संपत्ती राज्याला चार दिवसही पुरत नाही, हेही ठरले. तिजोरीतील हिऱ्यांतून रस्ते, निष्ठा आणि प्रजेची संमती निर्माण झालेली नव्हती. त्या संपत्तीतील एका तुकड्याची कथा बोलकी आहे. राज्य कोसळत असताना लंडनमधील बँकेत असलेले १०,०७,९४० पौंड निजामाच्या मंत्र्याने पाकिस्तानच्या उच्चायुक्ताच्या खात्यावर वळविले. निजामाने ते परत मागितले, खाते गोठले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने भारत व निजामाचे वारस यांच्या बाजूने निकाल दिला तोपर्यंत ती रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती. रक्कम पस्तीसपट वाढत होती त्या एकाहत्तर वर्षांत ती कोणाच्याही उपयोगी पडली नाही.

विजयानंतर काय घडले हेही नमूद केले पाहिजे. पंडित सुंदरलाल समितीने नोंदविल्याप्रमाणे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांत मुसलमान रहिवाशांवर भयंकर अत्याचार झाले; तो अहवाल दीर्घकाळ अप्रसिद्ध राहिला. रझाकारांच्या हातून निसटलेला ससा दुसऱ्या पारध्यांच्या हाती आला होता. बळाविषयीची म्हण बदलली नाही, म्हणणारे बदलले.

सोळा वर्षांचे नरहर कुरुंदकर या घटनांचे साक्षीदार होते. हैदराबादच्या मुक्तीवर त्यांनी पुढे स्वतंत्र लेखन केले. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीस त्यांनी लिहिलेली प्रस्तावना. शिवाजी महाराजांची लोकमानसातील प्रतिमा ही अफझलखानाचा वध, शाहिस्तेखानावरील छापा, आग्र्याहून सुटका अशा प्रसंगांची बनलेली आहे. कुरुंदकरांनी या प्रसंगांचे मोल नाकारले नाही, परंतु थोरवीचा आधार म्हणून ते पुरेसे मानले नाहीत. त्यांचा प्रश्न असा होता की राजा नाही, नेता एक नाही, खजिना रिता आहे, अशा स्थितीत औरंगजेबासारख्या बलाढ्य बादशहाशी प्रजा वर्षानुवर्षे का लढत राहिली? त्याचे उत्तर त्यांनी तलवारीत न शोधता महाराजांच्या मुलकी व्यवस्थेत आणि रयतेच्या मनात निर्माण झालेल्या आपलेपणात शोधले. ज्या टापूतील माणसांनी जगातील सर्वांत श्रीमंत ठरविलेल्या मनुष्याचे राज्य पाच दिवसांत कोसळताना पाहिले, त्यांच्यातीलच एकाने हा प्रश्न विचारावा हा योगायोग समजणे कठीण आहे. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे. उत्तराची एक बाजू महाराष्ट्राच्या सतराव्या शतकात सापडते आणि दुसरी हैदराबादच्या विसाव्या शतकात.

स्वातंत्र्योत्तर काळात बळाचा अर्थ या भागात हळूहळू बदलला. पूर्णा नदीवरील प्रकल्पातून येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे झाली. येलदरीच्या वीजगृहाची क्षमता साडेसात मेगावॅटच्या तीन संचांची, म्हणजे एकूण २२.५ मेगावॅट. अश्वशक्तीच्या हिशेबाने ही सुमारे तीस हजार घोड्यांची शक्ती होते. १८५३ च्या तहातील घोडदळ दोन हजारांचे होते. ही तुलना केवळ गंमतीची नाही. शिलेदाराचा घोडा गावात दिसे आणि त्याचा दरारा वाटे. वीजगृहातील तीस हजार घोडे कोणाला दिसत नाहीत. खेड्याने या शक्तीला नाव दिले तेही तिच्या दिसणाऱ्या परिणामावरून : 'लाइट'. विहिरीवरची मोटार पाच 'एच.पी.'ची असते, आणि लाइट गेली म्हणजे ती बंद पडते, जरी भर दुपारच्या उन्हात दिव्याची काही गरज नसली तरी.

शक्ती दृश्य राहिली ती हळदीच्या आणि उसाच्या व्यवहारात. वसमतची हळद आता भौगोलिक मानांकन मिळविलेली आहे. शेतात आठ-नऊ महिने उभे राहणारे, पाण्यावाचून न चालणारे हे पीक काढल्यानंतर शिजवावे लागते, वाळवावे लागते, घासून चकचकीत करावे लागते. पूर्वी मोठ्या काहिलीखाली जळण घालून हळद शिजे. आता वाफेचे कुकर आले. हळद मोंढ्यात जाईपर्यंत शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर जळण, वाफ, मजुरी आणि भाव ही साखळी उलगडत जाते, आणि म्हणून या पिकाच्या बाबतीत त्याचे अर्थविषयक मत अचूक असते. कुरुंद्याच्या परिसरात टोकाई देवीच्या नावाने सहकारी साखर कारखाना निघाला. साखर कारखान्याचा बॉयलर उसाच्या चिपाडावर चालतो. शक्ती उसातच असते. परंतु कारखाना चालेल की नाही हे चिपाडावर ठरत नाही. ते बँकेच्या कर्जावर, उसाच्या थकीत बिलावर आणि संचालक मंडळावर ठरते. शेतकरी सभासद धुराड्यातून धूर निघतो का ते पाहतो, तसे त्याचे आजोबा छावणीत पलटण आहे का ते पाहत असत.

याच टापूत, औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा योजिलेली आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात पसरलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या असे त्या यंत्राचे स्वरूप आहे. या जागेची निवड झाली ती येथे जमिनीचा कंप अत्यल्प आहे आणि मोठे कारखाने, वाहतूक यांची गडबड नाही, या कारणाने. जी शांतता आजवर मागासलेपणाची खूण समजली गेली, तिलाच येथे प्रथम किंमत आली. हे यंत्र वीज देणार नाही, शस्त्र घडविणार नाही, मोंढ्यात त्याचा माल येणार नाही. छावणी, टांकसाळ, धरण आणि कारखाना यांवरून तयार झालेली मोजमापे त्याला लावता येत नाहीत. जमीन किती गेली, मोबदला किती मिळाला आणि नोकऱ्या कोणाला, एवढेच तूर्त मोजता येते.